आप्पांच्या सासूबाई

जन्मभर कॉफी विकणारा माणूस चोरून चहा पितो, हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण मी स्वतः पाहिलं. खडेबाजारात दस्तगीरभाईंच्या चहाच्या टपरीत, अगदी आतल्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून आमचे कल्लाप्पा आप्पा बसले होते आणि बशीतून फुर्र फुर्र चहा ओढत होते. एका साडीच्या फॉलला जुळणारा दोरा शोधत मी त्या बाजूला गेले होते. पाठमोरा माणूस ओळखायला मला क्षण लागला नाही. आप्पांचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला खाली आहे. अख्ख्या शहापुरात असा खांदा दुसरा नाही.

"आप्पा! तुम्ही आणि चहा?" मी ओरडलेच.

आप्पा असे दचकले की बशीतला निम्मा चहा धोतरावर. ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "आक्का, हळू बोला की! सासूबाई भाईर हाईत."

बाहेर पाहिलं तर पायरीवर आप्पांचा कॉफीचा पितळी बंब ठेवलेला, आणि त्याच्यावर टॉवेल टाकलेला. आत काय चाललंय ते दिसू नये म्हणून.

आता या सासूबाईंची ओळख आधी करून देते, नाहीतर तुम्ही भलतंच काहीतरी समजून बसाल. आंघोळीचं पाणी तापवायला पूर्वी घरोघर तांब्याचा बंब असायचा ना, त्याचीच ही पितळेची धाकटी बहीण. गुडघाभर उंच, पोट मोठं. मधून नळकांडं जातं, त्यात पेटलेले कोळसे. नळकांड्याभोवती कॉफी. खाली राख पडायला जाळी, बाजूला तोटी, वर झाकण आणि उचलायला एक कडी. आतून कल्हई. ही कल्हई जरा काळवंडली की आप्पा त्या दिवशी धंदा बंद ठेवतात आणि कल्हईवाला शोधत निपाणीपर्यंत जातात. वाटेत बसमध्ये सासूबाईंना खिडकीची जागा.

हा बंब आप्पांना लग्नात मिळाला. सासरे सदलग्याचे. ते निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतून कॉफी घेऊन फिरायचे. दिवसभर तंबाखूच्या धुळीत, खकाण्यात बसून तिथल्या कामकरी बायांचे घसे धरलेले असायचे, त्यांना ती जायफळ घातलेली कडक कॉफी म्हणजे औषध. सासऱ्यांना मुलगा नव्हता. एकच मुलगी, गंगव्वा. "लोक जावयाला अंगठी देतेत, कुणी घड्याळ देतंय," आप्पा सांगतात, "मला पेटता बंब दिला. हातात धरला आन् चटका बसला. तवाच समजलो, ह्या सासूबाई."

"असं म्हणू नये हो," मी एकदा म्हटलं.

"का म्हणू नये? आतनं पेटलेल्या, वरनं चकचकीत, आन् तोंडातनं सारखी वाफ. व्हय की न्हाय? व्हयच!"

प्रश्नही आपणच विचारायचा आणि उत्तरही आपणच देऊन मोकळं व्हायचं, ही आप्पांची पद्धत. समोरच्याला तोंड उघडायला जागा नाही. आणि गंमत म्हणजे या नावाला सगळ्यात जास्त हसायच्या त्या गंगव्वा, आमच्या गंगाक्काच. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा त्या होत्या. आता त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. गल्लीच्या टोकाला एक खोली, एक चूल, आप्पा आणि सासूबाई.

आप्पा आमच्याशी मराठीत बोलतात, पोलिसाशी हिंदीत आणि बंबाशी कन्नडमध्ये. सदलग्याच्या घरात कन्नडच बोलत, त्यामुळे सासूबाईंना मराठी कळत नाही असं त्यांचं म्हणणं. कॉफीला उकळी फुटली आणि झाकण खडखडायला लागलं की आप्पा वाकून अगदी आर्जवानं म्हणतात, "सुम्न इर्री, सुम्न इर्री." म्हणजे गप्प बसा हो, गप्प बसा. 'री' लावून, अहोजाहो करून. खऱ्या सासूचा इतका मान ठेवणारा जावई मी तरी पाहिलेला नाही. आमच्या घरातल्या जावयांबद्दल मी इथं काही बोलत नाही.

आप्पा कधी "कॉफीऽऽ" म्हणून ओरडत नाहीत. ते झाकण वाजवतात. उजव्या हातात झाकण, डाव्या हातात बंब, आणि झाकणाची कड बंबाच्या कडीवर. सासऱ्यांची ही युक्ती. वखारीत एवढा कालवा की हाक ऐकू जायची नाही, म्हणून त्यांनी बायांच्या प्रत्येक टोळीला एकेक ठेका नेमून दिला होता. आप्पांनी तो आमच्या गल्लीत आणला आणि घराघराला वाटून टाकला. समोर मास्तर राहतात, रिटायर झालेले. एक वाक्य बोलायला त्यांना एक दुपार लागते. त्यांचा ठेका टिण्... आणि मग चांगली उसंत घेऊन पुन्हा टिण्. शेजारच्या शांताकाकूंचं तोंड कधी बंद नसतं, त्यांचा टिणटिणटिणटिण, मध्ये श्वासच नाही. माझा ठेका म्हणजे टिण्, टिण्, दोन हलके, आणि मग एक ठण्णकन. त्याचा अर्थ मी त्यांना कधी विचारलेला नाही. माझं तोंड संकेश्वरी मिरचीसारखं आहे असं घरचे म्हणतात, तेव्हा अर्थ उघडच आहे.

दिवसातून दोनदा ही फेरी. सकाळी दुकानं उघडायच्या आधी आणि संध्याकाळी चारला. फॉल-पिकोचं माझं मशीन खिडकीशीच आहे. चार वाजत आले की हात शिवणावर आणि कान गल्लीच्या टोकाला. ठण्ण झालं की मशीनवरचा पाय आपोआप थांबतो. गल्लीत कोण आजारी आहे, कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाच्या घरात अबोला आहे, सगळं आप्पांना माहीत. कारण साखर तेच ठरवतात. कॉफीत ते आधी साखर घालतच नाहीत. तुमच्या तोंडाकडे बघायचं आणि मग डब्यातून चमचा मारायचा.

"आज तुमाला साखर कमी."

"का?"

"आज बरं चाललंय तुमचं. राग कुठं दिसंना."

बाकीच्या दिवशी माझ्या पेल्यात साखर किती पडते ते मी सांगत नाही.

कागदी कपाचं त्यांना भारी वावडं. काचेचे पेले बादलीत घालून, बादली उजव्या कोपरात अडकवून हिंडतात, विसळतात, पुसतात, उजेडाला धरून बघतात. एकदा एका पाहुण्यानं कागदी कप मागितला तर आप्पा म्हणाले, "कागदात काय कॉफी पितेत? कागदात भडंग बांधतेत." आणि घोटाघोटाला सूचना आहेतच. "घाईत पिऊ नगा, भाजतंय. थांबून पिऊ नगा, निवतंय." मग प्यायची कशी म्हणून विचारलं तर म्हणतात, "मी सांगतोय तशी."

तर असा हा माणूस चहा पिताना सापडला म्हटल्यावर गल्लीत काय गहजब झाला असेल! बातमी अर्थात मीच फोडली. पोटात राहिना. शांताकाकू म्हणाल्या, डॉक्टरांनी कॉफी बंद केली असणार, पित्त. मास्तर बराच वेळ विचार करून म्हणाले, हलवाई कुठं मिठाई खातो. मला दोन्ही पटेना. मी दुसऱ्या दिवशी आप्पांना उंबऱ्यातच अडवलं.

"तुम्ही जी पीत नाही, ती आम्हाला का पाजता?"

आप्पांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आक्का, शिवणाऱ्याच्या अंगावर कवा धड कापड बघितलंय कुणी?"

माझ्या ब्लाउजची बाही उसवलेली होती. मी मुकाट्यानं पेला घेतला. साखर चांगली दाबून घातली होती.

असं सगळं छान चाललं होतं. आणि गेल्या दिवाळीनंतर एके सकाळी आमचा ठेका अर्धाच वाजला. टिण्, टिण्, आणि पुढे काहीच नाही. ठण्ण आलाच नाही. धावत बाहेर आले तर आप्पा आमच्या पायरीवर गुडघा धरून बसलेले. चेहरा घामानं डबडबलेला. पण बंब सरळ उभा, एक थेंब सांडलेला नाही.

"पडलात?"

"पडलो न्हाय. बसलोय."

"मग उठा बघू."

"उठतो की. जरा दम धरा."

ते काही उठले नाहीत. मास्तरांनी आणि मी दोन बाजूंनी धरून रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला आणि म्हणाले, "आता ओझं घेऊन चालणं बंद. बसून काहीतरी करा."

बसून काहीतरी करा, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि कामाला लागलो. आप्पांवर गल्लीचा जीव आहे, त्यात खोटं नाही. खडेबाजाराच्या कोपऱ्यावर जागा मिळाली. सुतारानं लाकडी गाडा करून दिला. माझी लेक वैष्णवी हॉटेल मॅनेजमेंट शिकते, तिच्या तर अंगात आलं. तिनं पाटी रंगवून घेतली, वर कन्नडमध्ये, खाली मराठीत, 'पारंपरिक बंब कॉफी'. सासूबाईंना चिंच लावून घासलं, झेंडूची माळ घातली, मागे लुकलुकणारे दिवे लावले. नारळ फोडताना शांताकाकूंचे डोळे भरून आले. "आता पाय चेपत बसायचं आप्पा," त्या म्हणाल्या, "आता लोक तुमच्याकडं येतील."

आणि लोक आले की! वैष्णवीनं मोबाइलवर फोटो टाकले होते, त्यामुळे कॉलेजची पोरं-पोरी झुंडीनं आली. सासूबाईंबरोबर फोटो काढले. एकीनं तर बंबाच्या गळ्यात हात टाकला आणि चटका बसून ओरडली. मला आत कुठंतरी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण कॉफी बिघडायला लागली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. बंबाचं असं असतं की माणूस चालतो तेव्हा खालच्या जाळीतून वारा वर चढतो आणि कोळसे फुललेले राहतात. सासूबाईंना हिंडायची सवय. एका जागी ठेवल्या की कोळशावर राख धरते आणि कॉफी कोमट. आप्पा बसल्या बसल्या पुठ्ठ्यानं वारा घालायचे. मग राख उडायची आणि पेल्यात पडायची. त्यातून साखरेचा घोळ. एक दिवस मला म्हणाले, "आक्का, सगळी नवी तोंडं. वळख ना पाळख. कुणाला किती साखर घालू? इच्यारावं लागतंय." विचारावं लागतंय हे त्यांनी अशा तोंडानं सांगितलं की जणू भीक मागावी लागतेय.

फोटो संपले तशी गर्दीही संपली. इकडे गल्लीत चार वाजायचे आणि नुसते वाजायचे. शांताकाकू सवयीनं भांडं घेऊन दारात यायच्या, दोन्हीकडे बघायच्या आणि आत जायच्या. मास्तरांनी घरी कॉफी करून बघितली, भांडं करपवलं. मी माझ्यासाठी मीच दोन चमचे साखर घालून प्यायले. गोड लागली, पण राग काही उतरेना. आपल्या तोंडाकडे बघून साखर घालणारं माणूस घरात दुसरं कुणी नाही, हे तेव्हा कळलं.

मग एक दिवस चारच्या सुमाराला अस्तराचं कापड आणायला मी बाजारात गेले. म्हटलं, बघू तरी आप्पा काय करताहेत. कोपऱ्यावर हीऽ गर्दी, रिक्षांचे भोंगे, खानापूरकडे जाणाऱ्या बसचा हॉर्न. गाड्यासमोर एक गिऱ्हाईक नाही. आप्पा स्टुलावर डोळे मिटून बसलेले आणि हातात झाकण. मला वाटलं झोपलेत. जवळ गेले तर झाकण हलत होतं. टिण्, आणि उसंत घेऊन टिण्. मास्तर. मग टिणटिणटिणटिण. शांताकाकू. मग थांबले, जरा पुढे सरकून बसले, आणि टिण्, टिण्, ठण्ण.

त्या भोंग्यांच्या कालव्यात तो आवाज हातभर लांबही जात नव्हता.

"काय करायलाय आप्पा?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. लाजले. "काय न्हाय. फेरी."

मला रडू आलं. आणि मला रडू आलं की मी भांडते, तो माझा स्वभाव आहे. मी तिथंच, भर बाजारात कंबरेवर हात ठेवून सुरू केलं. "फेरी म्हणे! बसल्या जागी कसली फेरी? एवढं होतं तर तोंडानं सांगायला काय झालं होतं? नको मला गाडा म्हणायचं की! त्या दिवशी नारळ फोडताना हार घालून घेतलात ते?"

"गल्लीनं एवढं मायेनं केलंय," आप्पा खाली बघत म्हणाले, "नगो कसं म्हणू? मायेला नगो म्हणतेत व्हय? न्हाय म्हणत."

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात समोरच्या टपरीतून दस्तगीरभाई कपबशी घेऊन आले आणि "घे आप्पा" म्हणून आप्पांच्या हातात चहा देऊन गेले. आप्पांनी दोन्ही हातांनी कप घेतला. बंबावर टॉवेल टाकायलाही विसरले.

झालं! माझा पारा आणखी चढला. "अजून चहाच? समोर बंबभर कॉफी निवत पडलीय, आणि तुम्ही दुसऱ्याचा चहा पिताय? एवढी वाईट आहे का हो तुमची कॉफी? कधी सोडली तुम्ही ती?"

आप्पांनी घोट घेतला. मिशी पुसली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "सोडली न्हाय आक्का. दिली न्हाय कुणी."

मला कळलं नाही.

"गंगव्वा हुती तवर तिचा नेम हुता. सकाळी बंब भरला, पेटला, की पयला पेला तोटीतनं काढायची आन् माझ्या हातात द्यायची. 'तगोर्री' म्हणायची. म्हंजे घ्या. मगच मी घर सोडायचो. ती गेली. मग मीच वतायची आन् मीच प्यायची? दोन दिवस करून बघितलं. गिळंना." त्यांनी टपरीकडे मान केली. "हितं दस्तगीर हातात कप देतोय, 'घे आप्पा' म्हणतोय. दिसभर मीच सगळ्यांस्नी घ्या, घ्या म्हणत हिंडतोय. मला घे म्हणणारं तेवढं एकच माणूस हाय. म्हणून जातोय. चहा काय, कसला बी असंना."

मी अस्तराचं कापड न घेताच मागे वळले. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

घरी आले ती तडक माळ्यावर चढले. चढता चढता डॉक्टरांचं बोलणं डोक्यात घोळत होतं. ओझं घेऊन चालणं बंद, असं म्हणाले होते ते. नुसतं चालणं बंद कुणी म्हटलं होतं? आम्ही मेले सगळे 'बसून'वरच बसलो! माळ्यावर जुन्या गाद्या, परात, गणपतीचं मखर आणि त्यामागे जे हवं होतं ते. वैष्णवीची बाबागाडी. चार चाकं, दोन्ही बाजूंना निळी बदकं आणि पुढे रंगीत मण्यांचा खुळखुळा.

वैष्णवीनं कपाळाला हात लावला. "आई, माझ्या गाडीत बंब?"

"का? तूही काही थंड नव्हतीस. या गाडीत तुझं ओरडणं बंबापेक्षा जास्त होतं."

पण पोर गुणाची. तीच गाडी घेऊन सुताराकडे पळाली. त्यानं कापडी बैठक काढली, खाली पत्रा ठोकला, बंब बसेल असं लोखंडी कडं केलं, जाळीखाली वाऱ्याला जागा ठेवली. बदकं मात्र काढू दिली नाहीत वैष्णवीनं. खुळखुळाही.

दुसऱ्या दिवशी बाबागाडी आप्पांच्या दारात नेली तेव्हा आप्पा भडकलेच. "सासूबाईस्नी बाबागाडीत बसवू? सदलग्याच्या लोकांनी बघितलं तर काय म्हणतील? जावयानं इज्जत घालवली!"

"त्यांनाच विचारा ना," मी म्हटलं.

आप्पांनी खरंच विचारलं. बंबाजवळ कसेबसे बसले, कन्नडमध्ये हळू आवाजात बरंच काही बोलले, झाकणाला कान लावला. आम्ही सगळे दारात दाटीनं उभे. मास्तरांनी तर चष्मा काढून हातात धरला होता. मग आप्पा गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि म्हणाले, "हूं म्हणाल्या. पर बदकं कशाला, म्हणाल्या."

"बदकं राहणार," वैष्णवी म्हणाली.

"मग ऱ्हाऊ देत."

आणि त्याच दिवशी चारला, काय सांगू तुम्हाला, आमच्या गल्लीतून सासूबाईंची स्वारी निघाली! पुढे खुळखुळा वाजतोय, मध्ये सासूबाई डुलताहेत, मागे आप्पा. चाकं फिरली तसा जाळीतून वारा चढला, कोळसे लालबुंद झाले आणि गल्लीच्या मध्यावर येईपर्यंत झाकण खडखडायला लागलं. "सुम्न इर्री, सुम्न इर्री!" म्हणताना आप्पांचा आवाज असा काही फुलला होता की पलीकडच्या गल्लीतले लोक बघायला आले. गच्चीवर वाळत घातलेले कपडे सोडून बाया वाकून बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, आप्पा, बारसं कधी? आप्पा म्हणाले, "बारसं न्हाय, वरात हाय!"

एक गोष्ट मी पाहिली, ती आणखी कुणी पाहिली की नाही माहीत नाही. बाबागाडीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवल्यामुळे आप्पांचे दोन्ही खांदे एका रेषेत आले होते. इतक्या वर्षांत हा माणूस सरळ चालताना मी पहिल्यांदा पाहिला. उंच आहेत हो आप्पा चांगले.

आमच्या दारात थांबले. टिण्, टिण्, ठण्ण. मी पायरीवर उभीच होते. आप्पांनी बादलीतून पेला काढला, उजेडाला धरला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि साखरेच्या डब्याकडे हात नेला. मी त्यांच्या हातातून पेला काढून घेतला.

"अवो, काय करताय? भाजंल!"

"गप्प बसा," मी म्हटलं. तोटी फिरवली. पेला भरला. साखर किती घालावी म्हणून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मला काही नीट दिसेना, म्हणून अंदाजानं चमचा मारला. ढवळलं. पेला पदरात धरून पुढे केला.

"घ्या आप्पा."

आप्पांनी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"कुणाला म्हणतासा?"

"तुम्हालाच. घ्या. थांबून पिऊ नका, निवतंय."

त्यांनी दोन्ही हातांनी पेला घेतला. एक घोट घेतला. दुसरा घेतला. गल्ली सगळी बघत होती. आप्पांनी पेला रिकामा केला, तळाशी राहिलेलं जायफळ बोटानं पुसून चाटलं आणि मग तोंड वाकडं केलं.

"जायफळ जास्त पडलंय. कुणी केलीया ही कॉफी?"

"सासूबाईंना विचारा."

आप्पा हसले. पेला विसळायला वाकले आणि वाकलेलेच राहून, बादलीतल्या पाण्याकडे बघत म्हणाले, "उद्या बी देतासा?"

"उद्या शांताकाकू देणार. परवा मास्तर. त्यांना पेला भरायलाच संध्याकाळ होईल, तेव्हा तयारीनं या. मी एकटी काय जन्मभर तुमचे लाड करत बसू?"

"दस्तगीरला वाईट वाटंल."

"त्याच्याकडंही जा. पोट काय तुमचं लहान आहे?"

"जातो की. जायलाच पायजे. व्हय की न्हाय?" आणि पुढे त्यांचं नेहमीचं 'व्हयच' आलं नाही. ते माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिले.

"व्हय," मी म्हटलं.

आप्पांनी बाबागाडी वळवली आणि मास्तरांच्या दारासमोर झाकण उचललं. चित्त कुठं होतं कोण जाणे, टिण् म्हणून उसंत घ्यायची ती घेतलीच नाही, टिणटिणटिणटिण वाजत सुटलं. मास्तर आपले दारात रिकामा पेला घेऊन उभे, आणि इकडे शांताकाकू भांडं घेऊन धावत आल्या, "आलेऽ आले, आज माझा नंबर आधी?"

सासूबाई तेव्हा अगदी शांत होत्या. झाकण आप्पांच्याच हातात होतं. तरी आप्पा बंबावर वाकले, टॉवेलनं स्वतःचंच तोंड पुसलं आणि म्हणाले, "सुम्न इर्री. सुम्न इर्री."